डॉक्टरांना दुसरा नंबर

१७ जानेवारी

ही डायरी डॉक्टर वेनान्झनी नाताळात गावभर वाटली. पहिल्याच पानावर त्यांचा फोटो, त्यात कोट कमी आणि दात जास्त, आणि खाली लिहिलंय, 'तुमच्यासाठी सदैव'. मी ती भाज्यांच्या याद्यांसाठी ठेवली होती. आज तिच्यातच लिहायला बसले आहे, कारण मनातलं कुणापुढे बोलले तर साल्वू मला कोंडून ठेवेल आणि नाही बोलले तर मी फुटेन.

दुपारी स्वयंपाकघरात टीव्ही लावला होता. संसदेत त्या कायद्यावर चर्चा चालली होती. बाईच्या जिवाला किंवा तब्येतीला मोठा धोका असेल आणि डॉक्टरांनी गर्भ काढला, तर कुणाला तुरुंग नाही, मागणं एवढंच होतं. आमच्या बेटावर तेवढंही नाही. आमचे डॉक्टर बोलायला उभे राहिले. गावचे डॉक्टर तेच, खासदारही तेच. वीस वर्षं या माणसासाठी मी दारोदार फिरते आहे, म्हणून मी हात पुसून नीट बसले.

"माझ्या मतदारसंघातल्या एका मुलीला मी ओळखतो," ते म्हणाले. "पाचव्या महिन्यात तिचं पाणी गेलं. इस्पितळाने घाई केली नाही. बाळाचं हृदय आपसूक थांबेपर्यंत वाट पाहिली. आणि ती मुलगी आज आपल्यात आहे! मग कायदा बदलायचा कशाला?" बाकं वाजली.

माझ्या शेजारी मरूष्का वाटाणे सोलत होती. माझी लेक. तिने हातातली शेंग खाली ठेवली, "वाळत घातलेलं काढून आणते" म्हणाली आणि गच्चीवर गेली. आज आम्ही काहीच वाळत घातलं नव्हतं.

आपल्यात आहे म्हणे. तापाने ती जळत होती, बाळ वाचणार नाही हे झाडूवालीलासुद्धा माहीत होतं, आणि सगळे त्या एका ठोक्याकडे कान लावून बसले होते. ठोका थांबला तोवर विष अंगभर पसरलं होतं. मग गर्भाशय काढावं लागलं. ते काही आपल्यात नाही, हे सांगायचं डॉक्टर विसरले.

आणि याच माणसाने सप्टेंबरात तिच्या खाटेशी बसून, तिचा हात धरून, मडोनाची, मेरीमातेची, शपथ घेतली होती. "पोरी, माझं मत तुझं. हा कायदा बदलेल." मी समोर सूप ढवळत उभी होते.

१८ जानेवारी

'तब्येत' गेली. कायद्यात नुसता 'जीव' राहिला, तोही तीन डॉक्टरांनी सह्या केल्यावर. हे सुचवणाऱ्यांत आमचे डॉक्टर सगळ्यांत पुढे. म्हणजे पुढच्या मरूष्काने आधी मरणाला टेकायचं आणि मग तीन पेनं शोधायची.

मी त्याला सोडणार नाही.

२४ जानेवारी

औषधांच्या दुकानामागच्या खोलीत डॉक्टर बसतात तिथे गेले. बाहेर नेहमीच्या म्हाताऱ्या रांगेत होत्या. त्यांनी मला पुढे सोडलं, मी डॉक्टरांचं माणूस ना.

"लीना! ये, ये. प्रेशर बघू?"

"माझं नका बघू, तुमचं बघा."

ते हसले. मग दार लोटून हळू आवाजात म्हणाले, "अगं, मी नाव घेतलं का तिचं?"

"नाव नाही घेतलंत. बाकी सगळं घेतलंत."

"लीना, निवडणूक दारात उभी आहे. मोठे पाद्री रविवारी वेदीवरून काय बोलले ते ऐकलंस ना? बँड क्लबातले निम्मे लोक माझ्याशी बोलायचे बंद झाले होते. वरूनही निरोप आला, निवडणुकीनंतर बघू."

"गेल्या खेपेलाही निवडणुकीनंतरच बघणार होतात."

"मनातून मी तुमच्याच बाजूचा आहे गं."

"मनातून तर मीही सडपातळ आहे, डॉक्टर."

त्यावर ते इतके मोकळे हसले, की क्षणभर मलाच वाटलं सगळं पूर्वीसारखं आहे. त्यांनी मरूष्कासाठी ताकदीच्या गोळ्यांची पुडी दिली. "आणि मार्चमध्ये फिरायचंय हं. खालच्या गल्ल्या तुझ्या."

"फिरेन की," मी म्हणाले. गोळ्या येताना गटारात टाकल्या.

१० फेब्रुवारी

संत पावलूचा सण. सकाळी साल्वू मोठा ढोल गळ्यात अडकवून बँडबरोबर गेला. पस्तीस वर्षांच्या संसारात जे काही बोलायचं ते तो ढोलावरच बोलला आहे.

दुपारी राजधानीतून, कायदा बदलायच्या चळवळीतल्या दोन बायका मरूष्काला भेटायला आल्या. मी रिकोटा चीज भरलेल्या खुसखुशीत, गरम पास्टित्झी ठेवल्या. त्या म्हणाल्या, आकडे देऊन झाले, पत्रकं वाटून झाली. आता एखाद्या गावातल्या, पक्षातल्या आईने नावानिशी सगळं सांगितलं, तर या खासदारांना पळायला जागा राहणार नाही.

त्या गेल्यावर मरूष्का म्हणाली, "आई, तू सांग. माझ्या नावासकट सांग. मला जमत नाही गं, तोंड उघडलं की आवाजच जातो. तुझा आवाज बघ."

आमच्या घराण्याला गावात 'घंटावाले' म्हणतात. आजोबा चर्चच्या घंटा वाजवायचे आणि आम्हा सगळ्यांचे आवाज तसेच खणखणीत. पण म्हणून काय असल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडायच्या? मी म्हटलं, "आपल्यात धुणी गच्चीवर वाळतात, रस्त्यावर नाही. तू गप्प राहा. डॉक्टरचं काय करायचं ते मी बघते."

"मला डॉक्टरचं काही करायचं नाहीये, आई."

अर्धी पास्टित्झी बशीत टाकून ती उठली. नवरा इस्पितळातूनच तिला सोडून आपल्या आईकडे गेला, तेव्हापासून तिचं खाणं असंच आहे. पोरीला अजून कळत नाही, की मी हे सगळं तिच्यासाठीच करते आहे.

५ मार्च

निवडणूक जाहीर झाली आणि मला रस्ता सापडला.

आमच्या घराण्यातली बाई दुसऱ्या पक्षाला मत देईल तर तिचा हात झडेल. तिकडे जायचा प्रश्नच नाही. पण आमच्याकडे मत म्हणजे नुसती फुली नसते. एका मतदारसंघातून पाच जण निवडून जातात, एकाच पक्षाचे चार-पाच उमेदवार कागदावर असतात आणि आपण आवडीप्रमाणे आकडे घालतो, एक, दोन, तीन. म्हणून खरी मारामारी घरातल्या घरात. आपलेच दात, आपलेच ओठ. पहिल्या नंबराची मतं आटली, की कितीही मोठा माणूस वाटेतच गळतो. पक्षाच्या केसालाही धक्का न लावता डॉक्टर पाडता येतो.

यंदा आमच्या यादीत एक नवी पोरगी आहे, वकील रोमिल्डा. शेजारच्या मतदारसंघातही उभी आहे, पण तसे सगळेच दोन ठिकाणी अर्ज भरतात.

१२ मार्च

चेट्टामावशीपासून सुरुवात केली. ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, दर निवडणुकीत नमुन्याच्या कागदावर मी त्यांच्याकडून आकडे गिरवून घेते.

"डॉक्टरांना एक," त्या पेन्सिल हातात घेण्याआधीच म्हणाल्या.

"या वेळी नाही, मावशी. डॉक्टरांचं येणं पक्कं आहे. त्यांनीच सांगितलंय, या नव्या पोरीला हात द्या. म्हणाले, पहिला नंबर रोमिल्डाला, दुसरा मला."

"स्वतःच्या तोंडाने सांगितलं?"

"स्वतःच्या तोंडाने."

मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती मोठं मन गं त्यांचं! माझ्या गुडघ्याला हात लावायला अजून घरी येतात." आणि त्यांनी रोमिल्डापुढे भला मोठा एक काढला, डॉक्टरांपुढे दोन.

डॉक्टरांचं नावच गाळावं असं आधी मनात होतं. पण त्यांच्या नावाशिवाय कुणी माझं ऐकलंच नसतं. दुसरा नंबर म्हणजे तरी काय, लग्नमांडवातली मागची खुर्ची. बसू दे त्याला.

खालची गल्ली आज पुरी झाली. प्रत्येक दारात हाच संवाद, प्रत्येक दारात डॉक्टरांच्या मोठ्या मनाचं कौतुक. वीस वर्षांत प्रचाराला इतकी मजा आली नव्हती.

२३ मार्च

रोमिल्डाने बायकांना कॉफीला बोलावलं होतं. मी तिला कोपऱ्यात गाठून सरळ विचारलं, "त्या कायद्याचं काय? तब्येतीचं कलम परत आणणार?"

तिने माझे दोन्ही हात हातात घेतले. "लीना आँटी, आयांचं दुःख मी ऐकते. खरंच ऐकते. माझं दार तुमच्यासाठी कायम उघडं आहे." आणि मला मिठी मारली. अत्तर फार छान होतं.

घरी येऊन मरूष्काला सांगितलं, पोरगी आपलीच आहे. मरूष्काने विचारलं, "हो म्हणाली?" मी म्हटलं, अगं, त्याहून जास्त म्हणाली.

२ एप्रिल

साल्वूला कळलं. बेकरीत कुणीतरी त्याच्याजवळ डॉक्टरांच्या त्यागाची स्तुती केली.

"हे तू पसरवलंस?"

"मग कोण पसरवणार?"

त्याने एक बूट काढला. मग म्हणाला, "डॉक्टर पडले तर मरूष्काला काय मिळणार?"

"न्याय."

"तिला विचारलंस?"

मी भांडी आपटली. बोलून बोलून बोलला तेही हे. दुसरा बूट काढून तो झोपायला गेला.

डॉक्टरांचा मात्र माझ्यावर पूर्ण भरवसा आहे. आज फोनवर म्हणाले, "खालच्या गल्ल्यांचं मला टेन्शनच नाही." केसाने गळा कापणं त्यांनी संसदेत शिकवलं, मी आपली घरबसल्या शिकले.

११ मे

मतदान झालं. मोजणी परवा.

१३ मे

पडला! पडला! पडला!

मतमोजणीच्या हॉलमध्ये मी पक्षाची प्रतिनिधी म्हणून होते. जाड पारदर्शक भिंतीपलीकडे माणसं कागद लावत होती आणि अलीकडे आम्ही नाकं चिकटवून उभे होतो. डॉक्टरांच्या पहिल्या नंबरांची चळत वाढेचना. "काहीतरी चुकतंय," ते म्हणत राहिले, "खालच्या गल्लीच्या पेट्या अजून यायच्या असतील." त्या केव्हाच येऊन गेल्या होत्या. दुपारी ते शर्यतीतून गळले, त्यांचे कागद पुढच्या नंबराप्रमाणे वाटले गेले, बरेचसे रोमिल्डाकडे गेले आणि ती शेवटी कशीबशी मतांची रेषा ओलांडून निवडून आली.

आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे सगळे भिंतीवर बुक्के मारायला लागले. मीही मारले, हात सुजेपर्यंत. लोकांना वाटलं, मी दुःखाने मारते आहे. डॉक्टरांची बायको माझ्या गळ्यात पडून रडली. "लीना, तुझ्याइतकं कुणालाच लागलं नसेल." मी तिची पाठ थोपटली. मला जराही वाईट वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते.

घरी येऊन मरूष्काला उठवून सांगितलं. तिने विचारलं, "मग आता कायदा बदलेल?"

१६ मे

रोमिल्डा शेजारच्या मतदारसंघातूनही निवडून आली आहे! नवखी पोरगी दोन्हीकडून येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नियमाने एक जागा सोडावी लागते. तिने आमची सोडली.

टीव्हीवर तिला त्या कायद्याबद्दल विचारलं. "तो विषय आमच्या जाहीरनाम्यात नाही," ती म्हणाली. या वेळी तिच्या हातात कुणाचे हात नव्हते, एवढाच फरक.

मरूष्का माझ्याकडे बघत होती. मी चॅनल बदललं.

१७ मे

सकाळी कॉफी गाळताना एकदम आठवलं. सोडलेल्या जागेसाठी पुन्हा मतदान होत नाही. सोडून जाणारीचा जिंकलेला गठ्ठा पुन्हा उघडतात आणि त्या कागदांवर पुढचा नंबर कुणाचा आहे ते बघतात.

पुढचा नंबर.

वीस वर्षं लोकांना आकडे शिकवणारी बाई मी. स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा पाडला, तोही दारोदार जाऊन.

२८ मे

गठ्ठा उघडला. एक रोमिल्डा, दोन डॉक्टर. एक रोमिल्डा, दोन डॉक्टर. चेट्टामावशींचा तो भला मोठा दोन मी भिंतीपलीकडूनही ओळखला असता. दुसरा कुणी जवळपासही आला नाही. डॉक्टर वेनान्झ पुन्हा खासदार.

ते धावत आले आणि सगळ्यांसमोर माझे दोन्ही गाल चुंबले. "लीना! मला सगळं कळलं. दारोदार जाऊन माझ्यासाठी दुसरा नंबर मागितलास तू! सगळ्यांनी मला सोडलं आणि तू गठ्ठा बांधून ठेवलास! रविवारी क्लबच्या गॅलरीत माझ्या शेजारी उभं राहायचं."

मी घरी आले आणि तशीच पलंगावर आडवी झाले.

२९ मे

मरूष्काला सगळं सांगितलं. वाटलं, ओरडेल. ती हसायला लागली. पोट धरून हसली, टाक्यांच्या वणावर हात दाबून हसली. सप्टेंबरपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसत म्हणाली, "आई, सगळ्या गावात दारोदार जाऊन त्याचं नाव घेतलंस तू. माझं एकदा घेशील?"

मी कप विसळायला घेतले. साल्वू ढोलाच्या दोऱ्या आवळत होता. त्याचे हात थांबले.

१ जून

आता लिहिते ते नीट लिहायला हवं.

संध्याकाळी क्लबसमोरचा चौक भरला होता. खाली बँड, मधे साल्वूचा ढोल, वर गॅलरीत डॉक्टर, त्यांची बायको, मोठे पाद्री आणि मी. मरूष्का औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती. डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली, "ही बाई म्हणजे निष्ठा!" आणि माइक माझ्या हातात दिला. "दोन शब्द, लीना."

मी म्हणाले, "मी घंटावाल्यांची लीना. मला माइक लागत नाही." चौक हसला. मी माइक डॉक्टरांच्या बायकोच्या हातात दिला.

"जानेवारीत डॉक्टर संसदेत एका मुलीबद्दल बोलले. ती माझी मुलगी. मरूष्का. ती बघा, तिथे उभी आहे. तिचं बाळ वाचणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, आणि कायद्याच्या भीतीने सगळे तिला सडू देत बसले होते. तिचं गर्भाशय गेलं. डॉक्टर म्हणाले, ती आपल्यात आहे. ते सांगितलं नाही, की तिच्या खाटेशी बसून याच हाताने त्यांनी मडोनाची शपथ घेतली होती, की त्यांचं मत तिचं आहे."

डॉक्टरांनी गॅलरीतून बँडमास्तरला खूण केली. मास्तरने काठी उचलली. आमच्याकडे मार्च सुरू होतो तो मोठ्या ढोलाच्या ठोक्याने, त्याशिवाय कुणी फुंकरही मारत नाही. मास्तरने काठी खाली आणली. ठोका आला नाही. पुन्हा उचलली. मी खाली पाहिलं. साल्वूने दोन्ही टिपऱ्या कोटाच्या खिशात घातल्या होत्या आणि हात मागे बांधून तो माझ्याकडे बघत उभा होता.

डॉक्टर माइक ओढून घेत म्हणाले, "लीनाचं दुःख मोठं आहे. आपण सगळे तिच्यासाठी प्रार्थना..."

"प्रार्थना राहू दे," खालून चेट्टामावशी ओरडल्या. "शपथ घेतली होती का नव्हती, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी पाद्रीबुवांकडे पाहिलं. पाद्रीबुवांनी आपल्या बुटांकडे. अख्खा चौक उत्तरासाठी थांबला होता आणि ते काही आलं नाही. कोट तोच होता, पण दात दिसत नव्हते.

मी जिना उतरून खाली आले. मरूष्काने माझा हात धरला. आम्ही घराकडे निघालो. काही बायकांनी वाट दिली, काहींनी पाठ फिरवली. माझ्या सख्ख्या बहिणीने पाठ फिरवली.

९ जून

आठवडाभर दार वाजलं नाही. पक्षाने मला कळवलं, की माझी गरज नाही. बेकरीत पाव देताना पोरगी बघत नाही. मला काय वाटलं होतं, हारतुरे येतील?

आज सकाळी मात्र चेट्टामावशी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "मी ऐकलंय, तो कायदा शरद ऋतूत पुन्हा येणार आहे म्हणे."

"चळवळवाल्या आणणार आहेत. पण मतं नाहीत, मावशी. डॉक्टरच देणार नाहीत."

"त्यांनी दिलं तर दिलं, नाहीतर नाही. पण मला आकडे शिकवणारी बाई घरात बसून काय करतेय?"

मग त्यांनी विचारलं, मरूष्काच्या खाटेशी ते लोक किती वेळ थांबले होते. मी सांगितलं. त्यांनी काठी आपटली. "मग हेच डॉक्टरांना विचारायचं."

१६ जून

आज औषधांच्या दुकानात नेहमीची रांग होती. चेट्टामावशी पहिल्या. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला. मावशींनी मी गिरवून घेतलेला प्रश्न विचारला, "डॉक्टर, माझ्या नातीचं पाणी गेलं, ताप चढला, तर तुम्ही किती वेळ थांबाल?"

ते म्हणाले, "मावशी, प्रेशर घेताना बोलायचं नसतं."

त्यांच्यामागून खालच्या गल्लीची पावलीना आत गेली. गुडघा दाखवला आणि तेच विचारलं. तिच्यामागून दोन जावा गेल्या. मग खोकणारी मारस्टेल गेली, जी दर रविवारी पाद्रीबुवांसमोरच्या पहिल्या बाकावर बसते. प्रत्येकीचा आजार वेगळा होता आणि प्रश्न एक. दुपारी डॉक्टरांनी दार लवकर लावून घेतलं.

मरूष्काने मला उरलेल्या घरांची नावं वाचून दाखवली. मी म्हटलं, वाचू नकोस, दारं मला पाठ आहेत. शरद ऋतूला अजून अख्खा उन्हाळा आहे, आणि डॉक्टर रविवार सोडून रोज बसतात.

उद्या वरच्या गल्लीचा पहिला नंबर.